गाव नसलेला वीर

1

मराठी समीक्षेने काही वाचकांची दखल घेण्याचे सातत्याने टाळले आहे. बाबूराव अर्नाळकरांचा वाचक हा त्यांपैकी एक. ज्यांच्या टोपणनावातच वसईचे अर्नाळे आहे, त्या या लेखकाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे नायक दोन पिढ्यांच्या तोंडी होते. अर्नाळकर 1996 साली निवर्तले. त्यांचे वाचक आपापसांत काय बोलत, कोणती कथा त्यांना फसलेली वाटे, झुंजारने काय केले असते तर तो त्यांच्या मनातून उतरला असता, याच्या नोंदी शोधू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. वाचकाचे प्रेम उदंड होते. त्या प्रेमाला समीक्षेने उत्तर मात्र दिले नाही.

आज तीच गोष्ट निराळ्या प्रकाराच्या बाबतीत घडत आहे. कॉमिक्स, आणि त्यांतून निघालेले सुपरहिरोंचे चित्रपट, हे आपल्या तरुणांच्या आस्वादाचे फार मोठे क्षेत्र झाले आहे. मात्र घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने ते पोरखेळ असते आणि मराठी नियतकालिकांच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते. परिणामी ज्यांना या कलाकृतींविषयी सर्वांत अधिक माहिती आहे, ते केवळ एकमेकांशीच बोलतात.

नांदे हे मुळशी तालुक्यातील, पुण्याच्या पश्चिम अंगाचे गाव. जवळची सूस आणि म्हाळुंगे ही गावे 2021 मध्ये पुणे महापालिकेत समाविष्ट झाली. त्या यादीत नांदे नव्हते. कागदोपत्री गाव, पण हिंजवडीच्या उद्योगनगरीमुळे शहराच्या उंबरठ्याशी आलेले, अशी त्याची स्थिती. या परिसरातील काही महाविद्यालयीन मुलामुलींशी अलीकडच्या चित्रपटांविषयी प्रस्तुत लेखकाचे वेळोवेळी बोलणे झाले. त्यांत काही आपल्या धर्मग्रामातील होती, काही माळकरी घरांतील. त्यांची मते ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. ही मुले केवळ 'आवडले' किंवा 'नाही आवडले' एवढेच म्हणत नाहीत. ती कारणे देतात, दाखले देतात आणि प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढतात. म्हणजेच ती समीक्षा करतात. ही समीक्षा काय पाहते आणि तिच्या नजरेतून काय निसटते, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

2

या रसिकांचा पहिला गुण म्हणजे स्मरण. सुपरमॅन 1938 साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन ज्यू तरुणांच्या कल्पनेतून कॉमिक्सच्या पानावर आला. तेव्हापासून त्याची कथा अनेक हातांनी पुढे नेली आहे. एवढ्या मोठ्या कथाप्रवाहातील कोणता प्रसंग कोठे आला, कोणी कोणाला काय वचन दिले होते, हे या मुलांना पाठ असते. कीर्तनाला बसलेल्या जाणत्या श्रोत्याप्रमाणे त्यांना आख्यान ठाऊकच असते. बुवांनी ते कसे रंगवले, एवढेच त्यांना पाहायचे असते. 'तो असे कधीच वागणार नाही' हा त्यांचा आवडता आक्षेप. व्यक्तिरेखेची आंतरिक सुसंगती हा निकष आपण नाटक-कादंबरीला लावतो, तोच येथे लावला जातो. 'रायगडाला जेव्हा जाग येते' मधील काशिनाथ घाणेकरांच्या संभाजीवर ज्या हिरिरीने मराठी प्रेक्षक एके काळी वाद घालीत, ती हिरिरी लुप्त झालेली नाही. तिने विषय बदलला आहे, इतकेच.

दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. ही मुले मृत्यूच्या बाबतीत कमालीची जागरूक आहेत. 2019 च्या 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' मध्ये आयर्न मॅन मरतो. त्या मृत्यूविषयी बोलताना आजही त्यांचा आवाज बदलतो. परंतु 2024 च्या जुलैमध्ये त्याच नटाची, रॉबर्ट डाउनी यांची, डॉक्टर डूम या खलनायकाच्या भूमिकेसाठी निवड जाहीर झाली, तेव्हा त्यांच्यात सरळ दोन तट पडले. 2017 च्या 'लोगन' मध्ये वुल्व्हरिनने देह ठेवला. 2024 च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' मध्ये दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरिन हजर झाला. एक मुलगी म्हणाली, "असंख्य विश्वे असली की कुणीच मरत नाही. मग रडायचे तरी कशाला?" समांतर विश्वांच्या या सोयीमुळे पडद्यावरील मरण स्वस्त झाले आहे, ही तिची तक्रार. ती नवी नाही. कॉमिक्समध्ये 1992 साली सुपरमॅनला मारण्यात आले आणि पुढच्याच वर्षी तो परत आला. तेव्हाही वाचकांना हाच प्रश्न पडला होता.

परत येणे ही कल्पना आपल्याला परकी नाही; आपली श्रद्धाच तिच्यावर उभी आहे. म्हणून येथे एक भेद नोंदवावासा वाटतो. संत योहानच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू शिष्यांपुढे येतो तो जखमांसह येतो, आणि संत थॉमसला त्याची ओळख पटते ती त्या जखमांवरूनच. मरण पुसून टाकलेले नसते. ते अंगावर वागवलेले असते. या चित्रपटांतील पुनरागमने अशी नसतात. तेथे परतणारा नायक कोऱ्या अंगाने येतो. त्या मुलीला जे खटकले ते हेच होते. तिच्याजवळ त्यासाठी शब्द नव्हता. तो पुरवणे हे समीक्षेचे काम होते.

आता या समीक्षेची मर्यादा. तिला याद्या करण्याचा फार सोस आहे. सर्वोत्तम दहा, सर्वांत वाईट पाच, कोण कोणाला हरवील, अशा याद्यांत तिची निम्मी बुद्धी खर्ची पडते. मूळ कॉमिकशी इमान राखले की नाही, हा तिचा दुसरा ताजवा. इमान हा गुण खरा. पण तो कलेचा अखेरचा निकष होऊ शकत नाही. आणि तिसरे म्हणजे ही समीक्षा पंथांत वाटली गेली आहे. एका कंपनीचा भक्त दुसरीच्या चित्रपटातील चांगले मान्य करण्यास सहसा राजी नसतो.

3

या पार्श्वभूमीवर मार्टिन स्कॉर्सेसी यांचा आक्षेप आठवतो. कॅथलिक संस्कारांत वाढलेले हे दिग्दर्शक. जपानमधील येशूसंघीय मिशनऱ्यांच्या श्रद्धेची कसोटी पाहणारा 'सायलेन्स' हा चित्रपट त्यांनी शुसाकू एंडो यांच्या कादंबरीवरून 2016 मध्ये केला. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी मार्व्हलच्या चित्रपटांना करमणूक-उद्यानांची उपमा दिली. पुढच्याच महिन्यात एका लेखातून त्यांनी आपले म्हणणे विशद केले. या चित्रपटांत कौशल्य पुष्कळ आहे, परंतु त्यांत खरोखर काही पणाला लागलेले नसते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. यावर जगभरचे चाहते संतापले. नांद्याची मुलेही त्याला अपवाद नव्हती.

तथापि स्कॉर्सेसींचा आक्षेप आणि त्या मुलीची तक्रार या दोहोंत फारसे अंतर नाही. मरणाला किंमत उरली नाही, असे ती म्हणते. काही पणाला लागलेले नाही, असे ते म्हणतात. फरक आहे तो इतकाच, की त्यांनी हा दोष संपूर्ण प्रकारावर ठेवला आणि ती तो एकेका चित्रपटावर ठेवते. मला तिची पद्धत अधिक न्याय्य वाटते. कारण या प्रकारातही काही पणाला लागू शकते. केव्हा लागते, याचे उत्तर वीराच्या सामर्थ्यात सापडत नाही. ते तो ज्याचे रक्षण करतो त्या गावात सापडते.

जेम्स गन यांचा 'सुपरमॅन' 2025 च्या जुलैमध्ये प्रदर्शित झाला. त्यावर आमच्या या मंडळींत बराच खल झाला. चित्रपट उघडतो तोच मुळी सुपरमॅन हरल्यानंतर. बर्फात आदळलेला, रक्ताळलेला नायक आपल्याला प्रथम दिसतो. एका अजस्र प्राण्याशी लढताना तो मध्येच एका खारीला वाचवतो. काहींना हे बालिश वाटले. 2013 च्या 'मॅन ऑफ स्टील' मधला धीरगंभीर, अखेरीस शत्रूचा जीव घेणारा सुपरमॅन त्यांना अधिक 'मोठा' वाटत होता. दुसरा पक्ष म्हणाला की त्या चित्रपटात अवघे शहर कोसळते आणि त्यात कोण मेले याची कोणी विचारपूसही करीत नाही. येथे निदान खारीची तरी होते.

या वादात दुसऱ्या पक्षाची बाजू बळकट आहे. नव्या चित्रपटाचा कणा खारीत नाही, तर कान्सासमधील त्या शेतकरी दांपत्यात आहे. जन्मदात्यांनी दूरच्या ग्रहावरून आपल्याला पृथ्वीवर राज्य करण्यासाठी पाठवले होते, असे या सुपरमॅनला कळते. तो मोडून पडतो आणि स्मॉलव्हिलला, सांभाळणाऱ्या आईबापांकडे जातो. रक्ताने दिलेली आज्ञा थोर, की घराने लावलेले वळण? चित्रपट दुसरा पर्याय निवडतो. येथे सुपरमॅनचे सामर्थ्य पणाला लागलेले नाही. तो कोणाचा, हा प्रश्न पणाला लागला आहे. ज्या वीराला गाव आहे त्यालाच असा प्रश्न पडू शकतो.

आपल्याकडील जुन्या चित्रकथांच्या भाषांतरकारांनाही ही गोष्ट उमगली असावी. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' ही मालिका सुरू केली आणि ली फॉकचा फँटम भारतीय भाषांत आणला. मराठीत त्याचे नाव झाले वेताळ. आफ्रिकेतील कल्पित अरण्यात, कवटीच्या गुहेत राहणारा हा घट्ट पोषाखातला गोरा नायक. पण भाषांतरकाराने त्याला गावकुसाबाहेरच्या शेंदूर लावलेल्या दगडाचे नाव दिले. वेताळ हा भुतांचा धनी, तसाच अनेक गावांचा राखणदारही. पुण्यात तर त्याच्या नावाची टेकडीच आहे. 'चालते भूत' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नायकाला याहून समर्पक नाव मिळणे कठीण होते. त्या एका शब्दाने परक्या वीराला मराठी मुलुखात वतन मिळाले. नवा अंक हाती पडताच वेताळाची गोष्ट वाचणाऱ्या मुलाला तो परका वाटला नाही, याचे बरेचसे श्रेय त्या अनाम भाषांतरकाराकडे जाते.

4

मग मराठीने स्वतःचा सुपरहिरो घडवला काय? प्रयत्न झाला. निखिल महाजन दिग्दर्शित 'बाजी' हा चित्रपट 2015 च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. श्रेयस तळपदे नायक, अमृता खानविलकर नायिका आणि जितेंद्र जोशी खलनायक. श्रीरंगपूर हे कल्पित गाव, आणि त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी मुखवटाधारी बाजीची दंतकथा. कल्पना उत्तम होती. मराठी माणसाला घोडा, तलवार आणि अन्यायाविरुद्ध उभा राहणारा एकटा वीर यांचे आकर्षण आहेच. या चित्रपटाचा पुढला भाग मात्र आला नाही, आणि ज्या मुलांना परदेशी कॉमिक्सचा क्रम मुखोद्गत आहे, त्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नव्हता.

त्याचे काय चुकले? पैसा कमी, तंत्र कमी, हे उत्तर सोपे आहे. मला निराळे उत्तर अधिक पटते. श्रीरंगपूर हे गाव म्हणून उभे राहत नाही. तेथे कोण काय पिकवते, पाणी कोठून येते, जमीन कोणाची, तंटे कशावरून होतात, याचा पत्ता लागत नाही. गाव हे तेथे वीराच्या पराक्रमासाठी लावलेल्या पडद्यासारखे राहते. सबब त्याच्यावर आलेले संकट आपल्याला आपले वाटत नाही. मुखवटा मराठी झाला. त्याच्यामागची वस्ती झाली नाही.

याच्या उलट बाजूला दोन चित्रपट ठेवून पाहावेत. पहिला विक्रमादित्य मोटवाने यांचा 'भावेश जोशी सुपरहिरो', 2018 सालचा. मुंबईच्या उपनगरातील तरुण कागदी पिशवीचा मुखवटा करून लहानसहान गैरप्रकारांविरुद्ध उभे राहतात आणि शेवटी पाण्याच्या चोरीच्या मोठ्या व्यवहाराशी त्यांची गाठ पडते. तिकिटबारीवर हा चित्रपट पडला. तरीही नांद्याच्या मुलांनी तो मोबाईलवर शोधून पाहिला होता. कारण उघड आहे. पुण्याच्या पश्चिमेच्या नव्या वसाहतींत राहणाऱ्याला टँकर म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. खलनायक परग्रहावरून आलेला नाही; तो पाइपलाइनच्या तोंडाशी बसला आहे. चित्रपट लांबला आहे, उत्तरार्धात विस्कळीत झाला आहे. पण त्यातील संकट खरे आहे.

दुसरा 'मिन्नल मुरली'. बेसिल जोसेफ दिग्दर्शित हा मल्याळी चित्रपट 24 डिसेंबर 2021 रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, नेटफ्लिक्सवर आला. कुरुक्कनमूला या कल्पित खेड्यातील जेसन हा ख्रिस्ती शिंपी. अमेरिकेला जाण्याचे स्वप्न पाहणारा, थोडा आढ्यताखोर, प्रेमभंगाने पोळलेला. वीज अंगावर पडते आणि त्याला अद्‍भुत शक्ती लाभते. त्याच रात्री तीच वीज शिबू नावाच्या दुसऱ्या माणसावरही पडते. हा चहाच्या हॉटेलात काम करणारा, गावाने वेडा ठरवलेला. एका वीजेचे दोन वारस. एकाला गावाने सांभाळून घेतले आहे, दुसऱ्याला झिडकारले आहे. ज्या स्त्रीची शिबूने अठ्ठावीस वर्षे वाट पाहिली ती उषा गावकऱ्यांनी लावलेल्या आगीत जळून मरते, आणि मग तो गावावर उलटतो.

या चित्रपटात खलनायक हा गावाच्या पापातून निर्माण होतो, ही त्याची फार मोठी कमाई आहे. गाव निर्दोष नाही, तरी ते वाचवायचे आहे. हा पेच परदेशी सुपरहिरो-पटांतही क्वचित इतक्या नेटकेपणाने मांडलेला आढळेल. शिवाय येथे देऊळ, चर्च, शाळा, पोलीस चौकी, शिंप्याचे दुकान हे सारे आपापल्या जागी आहे. जेसनचा धर्म जाहिरातीप्रमाणे मिरवलेला नाही. तो त्याच्या घरासारखा सहज आहे. आपल्याकडच्या बहुसंख्य हिंदी चित्रपटांतून ख्रिस्ती माणूस दारूच्या बाटलीसह आणि मोडक्या हिंदीसह अवतरतो, हे ज्यांनी सोसले आहे, त्यांना या सहजतेचे मोल कळेल.

आणखी एक गोष्ट. जेसनला सुपरहिरो म्हणजे काय, हे समजावून सांगतो तो त्याचा लहानगा भाचा जोसमोन. कॉमिक्स वाचणारा हा पोर मामाच्या शक्तीची परीक्षा घेतो, त्याला नियम शिकवतो, त्याच्या चुका दाखवतो. चाहता हाच येथे गुरू आणि समीक्षक आहे. दिग्दर्शकाने चाहत्याला हसण्यावारी नेले नाही. त्याला कथेत घरचे स्थान दिले. तोच आदर 2025 च्या 'लोका' या मल्याळी चित्रपटातही दिसतो. त्याने केरळच्या लोककथेतील नीली या यक्षिणीला आजच्या काळात आणले आणि तिला नायिका केले. केरळने आपल्या यक्षिणीला पडद्यावर चालते केले. आपला वेताळ अद्याप टेकडीवरच बसून आहे.

5

येथे भाषेचा प्रश्न येतो. 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा चित्रपट 2023 च्या जूनमध्ये भारतात दहा भाषांत प्रदर्शित झाला, आणि त्या दहांत मराठी होती. त्यात पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडर-मॅन आहे. 2004 मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी त्याला कॉमिक्समध्ये प्रथम उभे केले, तेव्हा तो खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसणारा मुलगा होता. चित्रपटात तो 'मुंबॅटन' नावाच्या झगमगीत महानगरात झोके घेतो. त्याचे खेडे पुसले गेले आहे. मराठी संवाद मिळाले, पण मागे राहिलेले गाव गेले. भाषांतर केवळ शब्दांचे होत नाही, हे वेताळाच्या नावावरून आपण पाहिलेच.

इंद्रजालची मालिका 1990 साली बंद पडली. पुढे चांदोबाही थांबला. त्यानंतरच्या मराठी मुलांनी आपले वीर हिंदीत आणि इंग्रजीत पाहिले, आणि त्यांच्याविषयीचे मतही त्याच भाषांत बनवले. नांद्याची मुले घरी मराठी बोलतात; परंतु चित्रपटाविषयी वाद सुरू झाला की नकळत हिंदीवर जातात. कारण त्या वादाची परिभाषा मराठीत कोणी घडवलीच नाही. ज्या भाषेत आपण आपल्या वीरांविषयी भांडत नाही, त्या भाषेत पुढे वीर निर्माण होणे अवघड असते. येथे खरी हानी आहे.

ही परिभाषा घडवायची तर विषयांची वाण नाही. मुळशीचेच उदाहरण घ्या. 1921 ते 1924 या काळात मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे नेते. सत्याग्रही पुन्हापुन्हा तुरुंगात गेले. त्यांत स्त्रियाही होत्या. शेवटी धरण झाले, गावे पाण्याखाली गेली, आणि ते पाणी वीज करण्यासाठी सह्याद्रीखाली भिऱ्याकडे वळले. कोण कोणाला हरवील, या आवडत्या प्रश्नाचे उत्तर येथे स्पष्ट आहे : सत्याग्रही हरले. तरीही शंभर वर्षांनंतर नाव राहिले ते हरलेल्यांचे. याद्या करणाऱ्या रसिकतेला हे कोडे घालून पाहिले पाहिजे.

याच संदर्भात आबिद सुरती यांचा उल्लेख अगत्याचा आहे. इंद्रजालमध्ये 1976 साली अवतरलेल्या बहादूर या देशी नायकाचे ते जनक. बहादूर हा डाकूचा मुलगा. गावकऱ्यांना संघटित करून दरोडेखोरांशी लढणारा. अंगावर कुडता, पायात जीन्स, आणि अद्‍भुत शक्ती कोणतीच नाही. उतारवयात सुरतींनी मीरा रोडला एक काम आरंभिले. 2007 पासून ते रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन घरोघर जात आणि गळणारे नळ फुकट दुरुस्त करून देत. वीराची निर्मिती करणाऱ्याने अखेर थेंबथेंब पाणी वाचवावे, यात विसंगती नाही. बहादूरलाही गाव होते. सुरतींनी आपले गाव इमारतींच्या जिन्यांत शोधले.

तेव्हा आपल्या तरुणांच्या या छंदाकडे पाठ फिरवण्यात शहाणपण नाही. शाळेच्या हस्तलिखितात, युवकमंडळाच्या वार्षिकात, आणि यासारख्या त्रैमासिकांतही, त्यांना त्यांच्या चित्रपटांविषयी दोन पाने मराठीतून लिहू द्यावीत. मात्र त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवावा. वीर किती बलवान आहे, हे त्यांना ठाऊकच आहे. तो कोणाचा आहे, आणि ज्यांचा आहे त्यांचे काय बुडू पाहत आहे, हे त्यांनी लिहावे. या कसोटीला जो चित्रपट उतरेल तो चांगला, मग त्यातला माणूस उडत असो वा नसो. आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने हा प्रश्न स्वतःच्या गावाला विचारला, तर मराठीतील पुढची चित्रकथा कदाचित नांद्यातच लिहिली जाईल.